पिवळ्या पट्टीवरचं कुंकू

वेस्ट मांबलम, चेन्नई
रविवार, सकाळची दुसरी कॉफी झाल्यावर

तीर्थस्वरूप मानाजीराव यांच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या अशोकचा, एक पाय उशीवर ठेवून केलेला नमस्कार. (दोन्ही पाय जमिनीला टेकवून वाकायला डॉक्टरांची अजून परवानगी नाही. तरी वाकलो असं धरून आशीर्वाद द्यावा.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? साखर किती, ते विचारत नाही, कारण ती तुम्ही सांगता त्यापेक्षा नेहमीच थोडी जास्त असते आणि माझंही तसंच आहे. सईवहिनींना सांगावं की त्यांनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं, आणि ते माझ्यापासून कुठे लपवून ठेवलं आहे हे मला ठाऊक आहे. तंजावरात म्हणे संध्याकाळी वारा सुटतो. इथे हवा ठीक आहे, म्हणजे हवा नाहीच. आता फोन हाताशी असताना हा माणूस कागद का काळे करतो आहे, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं आहे, की फोनवर तुमचा आवाज चढतो, मग माझा चढतो, मग खालच्या मजल्यावरच्या चित्रा मामी वर येऊन काय झालं म्हणून विचारतात. कागदावर तुम्हाला मधेच बोलता येत नाही, ही कागदाची फार मोठी सोय आहे.

तर विषय आपल्या कराराचा. दोन वर्षांपूर्वी आपण दोघांनी फोनवर एकमताने (आपलं एकमत झालेला तो एकमेव प्रसंग) कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. दोघांचेही रिपोर्ट चांगले आले होते. मी चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात जन्मभर तपासणी विभागात काढलेला माणूस. एकदा माल पास झाला, शिक्का बसला, की त्यावर परत कानस मारायची नसते, हे माझ्या हाडात भिनलेलं. तुम्ही त्यात भर म्हणून मोबाइलवर आलेला एक निरोप मला पुढे पाठवलात, की या गोळीने हातापायातली शक्ती जाते, स्मरण जातं आणि माणूस भोळा होतो. मग काय, झालं. साखरेची गोळी चालू, ही बंद, आणि दोघांच्याही बायकांना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरलं. तुमचे वडील आणि माझे वडील दोघंही हृदयाच्या झटक्याने गेले आणि दोघांनाही साखर होती, एवढी एक गोष्ट सोडून त्या दिवशी आपण सगळ्या जगाचं बोललो.

पुढे मी इस्पितळात कसा पोचलो ते सांगतो. तुम्ही दिवाळीला मला चपलांचा जोड दिलात, त्याच्याशी याचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही. चप्पल उत्तमच होती. फक्त डाव्या अंगठ्याशी तिची एक शिवण आतल्या बाजूला उभी राहिली होती. (कारखान्यात असता तर असला जोड मी दरवाजातूनच परत पाठवला असता. पण मेहुण्याच्या भेटीची तपासणी करायची नसते.) साखरेने पायाला काही जाणवत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं? अंगठ्याला फोड आला, फुटला, त्यात घाण झाली, पाऊल सुजलं, आणि हे सगळं मला कळलं ते राजसबाईंनी, म्हणजे तुमच्या बहिणीने, फरशीवरचा डाग पाहून विचारलं तेव्हा. तिने तिथल्या तिथे ऑटो बोलावली. गिंडीच्या बाजूला एक इस्पितळ आहे, तिथे मला पुरुषांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट मिळाली, हाताला सलाईन लागलं, आणि पाय एका स्टँडवर असा चढवून ठेवला की येणारा जाणारा आधी त्याचीच विचारपूस करी.

त्या वॉर्डातले बहुतेक सगळे आपल्या जातीचे, म्हणजे साखरवाले. कोणी पायासाठी आलेला, कोणी तापासाठी, कोणी मूतखड्यासाठी. आणि इथेच मला एक गंमत दिसली. पायवाल्याचा पाय बरा करून घरी पाठवत, खडेवाल्याचा खडा काढून पाठवत. साखर दिवसातून चार वेळा बोट टोचून बघत. पण त्या साखरेने हृदयाच्या नळ्यांचं काय चाललं आहे, त्यासाठी कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, द्यायची आहे का, हे कोणी विचारेना. मोठे डॉक्टर राउंडला येत ते पायाचे सर्जन. घोट्याच्या वर माणूस असतो याच्यावर त्यांचा फारसा विश्वास नसावा. हे सगळं मला सांगितलं ते डॉक्टर यामिनी नावाच्या एका तरुण मुलीने. वॉर्डाची रोजची जबाबदारी तिच्याकडे. तिने एक योजना काढली होती, की इथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक साखरवाल्याच्या गोळीचा निर्णय झालाच पाहिजे. द्यायची तर लिहायची, नाही द्यायची तर का नाही ते लिहायचं. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक सूचना उगवत असे, आणि बाकीचे डॉक्टर ती डास मारल्यासारखी बोटाने मारून पुढे जात. बिचारी अगदी हात टेकून बसली होती.

आता मला सांगा, समोर एवढा ढळढळीत दोष दिसत असताना निवृत्त तपासनीस गप्प कसा बसेल? (माझी स्वतःची गोळी बंद आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. दाखल होताना तिने कोलेस्टेरॉलचं विचारलं, तेव्हा मी रिपोर्ट उत्तम आहे असं म्हणालो होतो. रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा, पण उत्तम होता हे खरंच.) मी तिला सांगितलं, की आमच्याकडे ज्या मालाचा निर्णय व्हायचा असतो त्याला पिवळी पट्टी बांधतात. पट्टी निघाल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही. कॉम्प्युटर डोळ्याआड करता येतो, पण खाटेला बांधलेली पट्टी डोळ्यात खुपते. तिला ते पटलं. त्याच दुपारी पिवळ्या कापडाच्या पट्ट्या आल्या आणि पहिली पट्टी, मान म्हणून, माझ्या खाटेला उशापाशी बांधण्यात आली. मला व्हीलचेअर मिळाली. वॉर्डबॉय ढकलणार आणि मी पाय पुढे काढून खाटाखाटांची पाहणी करणार. निवृत्तीनंतर इतका आनंद मला झाला नव्हता, मानाजीराव.

संध्याकाळी राजसबाई डबा घेऊन आल्या. नवऱ्याच्या उशाशी पिवळं वस्त्र बांधलेलं दिसलं. तिने मला काही विचारलं नाही. पर्समधून कोदंडरामाच्या देवळातल्या कुंकवाची पुडी काढली, बोट बुडवलं आणि पट्टीच्या मधोमध टिळा लावला. शेजारच्या खाटेवरच्या व्यंकटेशची बायको हे बघत होती. तिने आपल्या वेणीतला मोगरा काढून त्यांच्या पट्टीला गुंडाळला. पलीकडच्यांनी विभूतीची पुडी बांधली, त्याच्या पलीकडच्यांनी लिंबू. एका ख्रिस्ती बाईंनी लहानसा क्रूस टाचला. एका विधुर गृहस्थांच्या पट्टीकडे बघणारं कोणी नव्हतं, त्यांच्यासाठी सिस्टर जयंतीने स्वतः एक फूल आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पायाचं ड्रेसिंग करून परत वॉर्डात शिरलो तर मला वाटलं, आपण कोणाच्या लग्नाला आलो आहोत.

तोवर ठीक होतं. खरी पंचाईत पुढे झाली. दोन जणांच्या गोळीचा निर्णय झाला आणि सिस्टर जयंती कात्री घेऊन पट्टी काढायला गेली, तर त्या दोघांच्या बायका खाटेला आडव्या. इथे लग्नात मंगळसूत्र म्हणून गळ्यात पडतो तो धागा हळदीने पिवळा केलेला असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवऱ्याच्या उशाशी बांधलेलं पिवळं कापणार? तेही कात्रीने? तेही मंगळवारी? एक बाई रडायला लागल्या, दुसऱ्या भांडायला लागल्या आणि सिस्टर जयंती, जिच्या गळ्यात तसाच धागा होता, तिची कात्री काही पुढे सरकेना. म्हणजे पट्टी बांधता येते, पण काढता येत नाही. निर्णय झालेला कोण आणि न झालेला कोण, सगळे सारखेच पिवळे. माझी सगळी योजना पाण्यात. डॉक्टर यामिनीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी व्हीलचेअर स्वतःच उलटी फिरवली.

पण मला त्या अवस्थेतही सुचलं. (गोळी न घेणाऱ्याचं डोकं किती तल्लख राहतं, असं तुम्ही म्हणाल. थांबा.) समोर माझीच पट्टी लटकत होती. इतर पट्ट्यांवर फुलं होती, लिंबं होती. एकट्या माझ्या पट्टीवर कुंकू होतं आणि ती फारच शोभून दिसत होती. मी म्हटलं, काढायचं कशाला? वाढवा. निर्णय झाला की सिस्टरने पट्टीवर कुंकू लावायचं. ज्यांना ते चालत नाही त्यांना लाल पेनाने ठिपका. पट्टी जागेवर, सौभाग्य जागेवर, आणि लांबूनही कळतं की काम झालं.

मानाजीराव, त्यानंतर जे झालं ते बघायला तुम्ही हवे होतात. शेजारणीच्या पट्टीवर कुंकू आणि आपली कोरी, हे कुठल्या बाईला सहन होईल? मोठे डॉक्टर राउंडला आले की प्रत्येक खाटेपाशी एक बाई पदर खोचून उभी, आणि आमचं कुंकू कधी, हा एकच प्रश्न. ते आधी वैतागले. त्यांना वाटलं, वॉर्डात कसली तरी पूजा चालली आहे. यामिनीने समजावून सांगितलं, तेव्हा ते घोट्यापासून हळूहळू वर बघायला लागले आणि चक्क खिशातलं पेन काढून गोळ्या लिहायला लागले. एका आजोबांचं यकृत बिघडलेलं, त्यांना गोळी आत्ता नको असं ठरलं. तेवढं कारण लिहिलं आणि त्यांनाही कुंकू लागलं, कारण कुंकू गोळीचं नव्हतं, विचार केल्याचं होतं. आठवडा संपेपर्यंत सगळा वॉर्ड लाल झाला. यामिनीने मला स्वतःच्या पैशाने बिनसाखरेची कॉफी पाजली. मी ती पेढा समजून प्यालो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या पट्टीवर कुंकू पहिल्या दिवसापासून होतं. मोठे डॉक्टर आले, कुंकू पाहिलं, पाय पाहिला, पुढे गेले. सिस्टर जयंती आली, कुंकू पाहिलं, पुढे गेली. यामिनी तर मला आपल्याच बाजूचा माणूस समजत होती. राउंडला माझा पाय बघून झाला की मी खाटेवर नसेच, व्हीलचेअरवरून डॉक्टरांच्या घोळक्यात असे. मला हे कळत नव्हतं का? कुंकवाची पद्धत सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण आपला करार होता, मी शब्दाला जागणारा माणूस आहे, आणि मूग गिळून बसायला व्हीलचेअर ही उत्तम जागा आहे.

घरी सोडायचा दिवस आला. पिशव्या भरल्या, औषधं आली, मी पायात मोठा सँडल चढवून तयार. यामिनी निरोप घ्यायला आली, सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. इथे खरं तर पत्र संपायला हवं होतं. पण तुमच्या बहिणीला राहवलं नाही. नवऱ्याचं एवढं कौतुक होतंय म्हटल्यावर थोडं आपल्याही वाट्याला यावं, असं तिला वाटलं असणार. ती यामिनीला तमिळमध्ये म्हणाली, की हे कुंकू मूळचं माझं बरं का, यांच्या पट्टीला मी पहिल्याच संध्याकाळी लावलं होतं, तुमची ती पद्धत सुरू व्हायच्या आधी. यामिनी हसत होती, ती हसायची थांबली. पहिल्या संध्याकाळी? तिने फाईल उघडली. मी पंख्याकडे बघायला लागलो. फाईलमध्ये पायाचं सगळं होतं, साखरेचं सगळं होतं, आणि ज्या एका गोळीसाठी अख्खा वॉर्ड लाल केला होता तिचं नाव नव्हतं.

मग चौकशी झाली. गोळी घेता ना, असं यामिनीने विचारलं. घेतात की, गेली कित्येक वर्षं, असं राजसबाईंनी सांगितलं. मी अजून पंख्याकडेच बघत होतो. पुढे फार ताणलं नाही. मी ताबडतोब तुमचं नाव सांगितलं. (रागावू नका. तुम्ही तंजावरात होतात, मी तिथे होतो.) तुमच्या बहिणीने आरडाओरडा केला असता तर मी सहन केलं असतं. ती पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसली. दारात नवा पेशंट स्ट्रेचरवर थांबलेला, ती हलेना. एरवी यामिनी माझ्याशी इंग्रजीत बोले, पण आता राजसबाईंनाही कळावं म्हणून तिने खुर्ची ओढली आणि तमिळमध्ये समजावलं, की साखर असलेल्याच्या नळ्या हळूहळू भरतात, दुखत नाहीत, माझ्या अंगठ्यासारखंच ते आत कळत नाही. रिपोर्ट चांगला आला होता तो गोळी चालू होती म्हणून. माझं तमिळ तीस वर्षं आवडी स्टेशनच्या पुढे गेलेलं नाही, तेव्हा ती थांबली की राजसबाई मला तुमच्या घरच्या तंजावरी मराठीत सांगे. "पावसांत छत्री धरली, आंग भिजलें नाहीं, म्हणून छत्री फेकून द्यायची काय हो? अय्यो, तपासणी म्हणून हेंच केलें काय आयुष्यभर?" मानाजीराव, सबंध नोकरीत माझा माल कोणी एवढ्या एका वाक्यात नापास केला नव्हता.

गोळी लिहिली गेली. सिस्टर जयंती कुंकवाची डबी घेऊन आली, पण पट्टीवर आधीच कुंकू, आता लावायचं कुठे? तुमच्या बहिणीने डबी तिच्या हातातून घेतली आणि भर वॉर्डात माझ्या कपाळाला टिळा लावला. अंगठ्याने, चांगला दाबून. व्यंकटेशची बायको हसायला लागली, मग व्यंकटेश, मग मोठे डॉक्टर दारातून जात होते तेही. मीही हसलो. मला फार बरं वाटलं, खरं सांगतो. तसाच टिळा घेऊन मी ऑटोत बसलो.

तेव्हा या पत्राने कळवण्यास खेद वाटतो, की आपल्या करारातून मी बाहेर पडलो आहे. गोळी रोज जेवणानंतर घेतो. पहिल्याच दिवशी माझी पोटरी दुखायला लागली आणि मी तुमच्या त्या निरोपाची आठवण काढली, पण मग कळलं की गोळी अजून दुकानातून यायची होती. खरंच कधी दुखलं तर सांगायचं, आपल्या मनाने बंद करायची नाही, अशी यामिनीने तंबी दिली आहे. बाकी सर्व क्षेम. पाय भरत आला आहे. लेकरांना आशीर्वाद, वडील मंडळींना दंडवत, आणि लोणच्याबद्दल आभार.

तुमचा बहिणीकडून नातेवाईक आणि आता एकटा पडलेला भागीदार,
अशोक

ता. क. तुमच्या खाटेला उशापाशी परवापासून एक पिवळी पट्टी बांधलेली असेल. सईवहिनी नवसाची आहे म्हणाल्या असतील. नवसाची नाही. आमच्याकडून त्यांना फोन गेला होता. पट्टी सोडू नये. तुमच्या डॉक्टरांचा निर्णय झाल्याखेरीज तिच्यावर कुंकू लावायचा अधिकार कोणालाही नाही, आणि गुरुवारी सकाळी तुमची वेळ घेतलेली आहे.

आणखी एक ता. क. हे राजसबाई सांगते आहे, मी फक्त लिहितो आहे. (तुमच्या वडिलांनी देवनागरी तुम्हाला शिकवली, हिला नाही. अक्षरही गाळायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे आणि शेजारी बसून ती माझ्या हाताकडे बघते आहे.) "दादा, यांनी मजा करून लिहिलें, तुम्हीं वाचून हसाल. हसा. पहिल्या संध्याकाळीं तें पिवळें पाहून मला कांहीं समजलें नाहीं. डॉक्टर औषध देत होते, नर्स सुई देत होती, मला करायला कांहीं नव्हतें, म्हणून कुंकू लावलें. आपले अप्पा झटक्यानें गेले तेव्हां तेंही करायला वेळ मिळाला नाहीं. माझीं माणसें दोनच. एकाला धरलें. दुसरा तंजावरांत बसला आहे, तिथपर्यंत माझा हात पोचत नाहीं, म्हणून यांच्या हातानें लिहून घेतें आहे. गुरुवारीं जावा, दादा."

शेवटचं, माझ्याकडून. वरच्या मजकुरात शेवटी शेवटी अक्षर जरा हललं आहे. तो गोळीचा परिणाम नाही. उगाच कोणाला निरोप पाठवत बसू नका.